गोठ्यात बेलिफ

मी एक म्हातारी म्हैस आहे. नाईलच्या मुखाजवळच्या एका गावात माझा जन्म झाला. मला नीट सांगता येईल की नाही, खात्री नाही. सांभाळून घ्या, मित्रांनो.

मी पारडी होते तेव्हापासून वसीमाने मला वाढवले. रोज कालव्यावर नेऊन ती मला घासूनपुसून धूत असे. माझ्या दुधाच्या तुपाला बाजारात नाव होते. पुढे तिच्या नवऱ्याने, गिलावा करणाऱ्या शलबीने, तिला तलाक दिला. ती लेकीला, निहालला, घेऊन माहेरी गेली. मी मागे राहिले आणि माझ्या अंगावर शेणाचे पोपडे धरू लागले.

एकदा सिमेंटवाल्याच्या उधारीसाठी कोर्टाचा बेलिफ जप्तीला आला. त्याने टीव्ही उचलला, पंखा उचलला, पण मला पाहून थांबला.

"घरची एक म्हैस कायद्यानं जप्तीतून सुटते, साहेब," शलबी हसून म्हणाला. "चहा घ्या आणि निघा."

बेलिफ खरेच निघून गेला. तेव्हापासून शलबी माझ्या पाठीवर थाप मारून घेणेकऱ्यांना चिडवू लागला.

परवा बेलिफ पुन्हा आला. सोबत वसीमा होती. शलबीने तेच वाक्य म्हटले.

"ते सिमेंटचं झालं," बेलिफ म्हणाला. " ही मुलीची थकलेली पोटगी आहे. हिच्यासाठी म्हैससुद्धा नेता येते."

शलबीचा चेहरा उतरला. "माझ्या म्हाताऱ्या आईच्या तोंडचं दूध काढतेस होय गं?"

"तुझी आई दूध पिते. तुझी लेक कोरा चहा पिते," वसीमा म्हणाली.

बेलिफाने माझा दोर सोडला. लिलाव बाजारात व्हायचा होता. दाराशी उभ्या सक्र खाटकाने माझी मांडी चाचपली.

"दुधासाठी हिला कोण घेतंय? माझ्याच वजनकाट्यावर यायची."

मी वसीमाकडे पाहिले. तिने मान फिरवली. तिला पैसे हवे होते. तिला दोष कसा देऊ?

तेवढ्यात शलबीची आई भिंतीला धरून उठली. "लिलाव कशाला? वसीमा, पोटगीत म्हैसच घेऊन जा, पोरी. शलबी, दे लिहून."

"आणि तू काय पिशील, आई?"

"माझी नात पिते तेच."

शलबीने बेलिफाकडे पेन मागितले.

"माझी फेरी फुकट," सक्र पुटपुटला.

मित्रांनो, आमच्या आडोशाने घेणेकऱ्यांना चुकवायचे तर चुकवा, पण आपल्या लेकरांना चुकवू नका. आणि जनावर म्हातारे झाले, तरी त्याला पाण्यावर न्या.

माझे दूध आता आटत चालले आहे. निहालचा पेला लहान आहे. तेवढे अजून निघते.