वाफेला वाट

आमच्या एकुलत्या एका मुलीला जुळं झालं, त्या वर्षी आम्ही घर बांधलं. बाळंतपणासाठी बायको पाच महिने मुलीकडे राहिली आणि इकडे मी भिंती चढवल्या. चाळीस वर्षं गवंडीकाम करून लोकांची घरं उभी केली होती, स्वतःचं हे पहिलंच. जाताना तिनं मला दोनच गोष्टी सांगितल्या. वेळेवर जेवा, आणि न्हाणीघराला खिडकी ठेवा. मी दोन्ही ऐकल्या नाहीत.

नकाशात न्हाणीघर मागच्या कोपऱ्यात होतं. दोन भिंती बाहेरच्या, भरपूर उजेड. पण आमच्या भाड्याच्या घरात आदल्या थंडीत पहाटे मागच्या दाराकडे जाताना ती घसरून पडली होती, मनगट मोडलं होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की तिच्या पलंगापासून न्हाणीघर सहा पावलांवर पाहिजे. तिच्या पावलांवर, माझ्या नव्हे. मी दोरी धरली, मोजलं आणि न्हाणीघर घराच्या पोटात आणलं. एका अंगाला झोपायची खोली, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर, मागे सामानाची खोली. नकाशा काढणारा पोरगेलासा इंजिनिअर म्हणाला, काका, याला बाहेरची भिंतच उरली नाही, हवा जाणार कुठून? मी त्याला म्हटलं, न्हाणीघरातून पाणी जायचं असतं, आणि पाण्याचा उतार मी तुझ्या जन्माआधीपासून काढतोय. तो बिचारा पेन खिशात घालून गेला.

ती परत यायची तारीख ठरली तशी मी घाईला आलो. गिलावा आतून ओला असताना वरून ऑइलपेंट मारला. गिऱ्हाइकाच्या घरी कुणा रंगाऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला शिडीवरून खाली उतरवलं असतं. न्हाणीघराचं पाणी तिच्या खोलीत येऊ नये म्हणून दाराखाली दगडी उंबरा बसवला आणि दाराच्या चारी कडांना रबराची पट्टी लावली. दार लावलं की डब्याचं झाकण बसल्यासारखा आवाज यायचा. मला तो आवाज फार आवडायचा.

ती आली. पिशवी ठेवली, पलंगावर बसली, मग उठून सहा पावलं मोजत गेली आणि दार उघडून आत पाहिलं.

"खिडकी कुठंय?"

मी म्हटलं, "सहा पावलं झाली की नाही?"

तिनं मागे वळून पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "हो. सहाच झाली." आणि खिडकीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पहिल्या आठवड्यात आरशावर वाफ धरायची ती दुपारपर्यंत उतरायची नाही. दुसऱ्या आठवड्यात छतावरून थेंब पडायला लागले. टॉवेल सकाळी टांगला तर संध्याकाळी तसाच ओलागच्च, वर कुबट वास. तिसऱ्या आठवड्यात छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. ती बाजारात गेली की मी स्टुलावर चढून ते पुसायचो आणि वर पांढरा हात मारून ठेवायचो. चार दिवसांत ठिपके पुन्हा हजर, येताना आणखी चार भावंडं घेऊन. असे तीन हात झाले. तिची छाती मुळातच नाजूक, आता खोकला बसेना. रात्री उशी उभी करून ती टेकून झोपायला लागली.

डॉक्टरांनी छाती तपासायच्या आधी घराचं विचारलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, नवं कोरं आहे, मीच बांधलंय. ते म्हणाले, तेच तर. नव्या भिंतींच्या पोटात हौदभर पाणी असतं, ते सुकायला वर्ष लागतं. त्यात रोजच्या अंघोळीची वाफ कोंडली की बुरशी धरणार, आणि ती बुरशी यांच्या छातीला अजिबात चालणार नाही. घर कोरडं होईपर्यंत यांना दुसरीकडे ठेवा.

मुलीला कळलं तशी ती फोनवर मला खूप बोलली. आईला घेऊन जाते म्हणाली, आणि थोड्या दिवसांसाठी नव्हे. "तुम्ही बांधलेलं घर तुम्हालाच लखलाभ, बाबा." बायकोनं फोन हातातून घेतला आणि पंधरा दिवस थांब म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांत ठिपके आले तर मी आपण होऊन येते, असा शब्द दिला.

मी चौथा हात मारला. आणि काय सांगावं, ठिपके आले नाहीत. आठ दिवस झाले, दहा झाले, छत पांढरंशुभ्र. थेंब नाही, वास नाही. माझा सुतार मित्र आहे, त्याला सगळे रंधा म्हणतात, कारण तो बोलतो तेव्हा समोरच्याची सालं निघतात. त्याला मी बोलावून छत दाखवलं. तो छत न बघता म्हणाला, मग वहिनींचा खोकला का वाढलाय?

त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ती अंघोळ करून बाहेर आली आणि मी लगेच दाढीचं सामान घेऊन आत गेलो. आरसा लख्ख. माझा चेहरा सुरकुत्यांसकट दिसत होता. थंडीचे दिवस, नुकतीच अंघोळ झालेली, आणि आरशावर वाफेचा पुसटसा डागही नाही. मी गीझरच्या नळीला हात लावला. बर्फासारखी गार.

बाहेर येऊन विचारलं, "गीझर बिघडलाय का?"

ती केस पुसत होती. "नाही."

"मग गार पाण्यानं का आंघोळ करतेस? या छातीनं?"

तिनं टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाली, "वाफ झाली की तुमचं छत काळं पडतं. छत काळं पडलं की तुम्ही दोन दोन दिवस धड जेवत नाही. आणि मला इथून जायचं नाही."

मी दाढी केली नाही. सामानाच्या खोलीतून छन्नी-हातोडा काढला आणि न्हाणीघराच्या भिंतीत, छताच्या वीतभर खाली, पहिला घाव घातला. माझीच टाइल, माझाच गिलावा. ती दारात येऊन म्हणाली, अहो, धूळ उडतेय. मी तिला शेजारी पाठवून दिलं.

भिंतीपलीकडे सामानाच्या खोलीचा पोटमाळा होता आणि त्याच्या टोकाला बाहेरची भिंत. दोन्ही भिंती फोडून मी मधून चार इंची पाइप नेला. आत जमलेलं पाणी घरात न येता बाहेर ठिबकावं म्हणून त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला. उतार मला काढता येतोच. न्हाणीघराच्या तोंडाशी एक्झॉस्ट पंखा बसवला, बाहेरच्या तोंडाला जाळी. सगळं काम दोन दिवसांत उरकलं. मग दार लावून बटण दाबलं आणि वर्तमानपत्राचा कपटा पंख्याजवळ धरला. हवा ओढली जात असेल तर कपटा चिकटून राहायला हवा. तो गिरक्या घेत माझ्या पायाशी पडला. तीनदा धरला, तीनदा पडला. पंखा नुसताच घुरघुरत होता.

मी रंध्याला बोलावलं. तो आत आला, दार लावलं, झाकणाचा तो आवाज ऐकला आणि हसायलाच लागला. म्हणाला, "फुंकणीच्या एका तोंडात बोळा कोंबलास आणि दुसऱ्या तोंडानं ओढत बसलायस. आत हवा येऊ दे, मग बाहेर जाईल." त्यानं रबराची पट्टी फाडून काढली, दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि खालून बोटभर कापलं. माझ्या उंबऱ्यालाही त्यानं शिव्या घातल्या, पण पाणी अडायला तो हवा होता म्हणून तो वाचला. दार पुन्हा चढवून लावलं, पंखा सुरू केला. कपटा जाळीला चिकटला तो चिकटलाच.

मी गीझर चालू केला आणि तिला शेजारून बोलावून आणलं. ती आत गेली. मी सहा पावलांवर पलंगावर बसलो, मग बसवेना म्हणून घराबाहेर जाऊन सामानाच्या खोलीमागे उभा राहिलो. थोड्या वेळानं पाइपाच्या तोंडातून पांढरी वाफ यायला लागली. आधी बारीक, मग भरभरून. गार हवेत ती गल्लीवर जाऊन विरत होती. शेजारी सायकल पुसत होता, त्यानं विचारलं, वर काय बघताय एवढं? मी म्हटलं, "बायको आंघोळ करतेय." तो खाली मान घालून सायकल पुसायला लागला. तिला नंतर हे सांगितलं तेव्हा ती आधी रागावली, मग तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता खोकली नाही.

त्या दिवशी तिला आंघोळीला पाऊण तास लागला.

पुढं मी ऑइलपेंट खरवडून काढला आणि भिंती उन्हाळाभर उघड्या सुकू दिल्या. पन्नाशी उलटल्यावर तिनंच मला अक्षरं शिकवली होती, म्हणून दारावरची चिठ्ठी मीच लिहिली, 'आंघोळीनंतर भिंती पुसणे. पंखा वीस मिनिटे चालू.' तिनं खाली आपल्या हातानं जोडलं, 'आणि जेवण वेळेवर.' महिन्याभरात उशी आडवी झाली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि दुसरीकडे ठेवायची गरज नाही म्हणाले. मुलगी जुळ्यांना घेऊन आली, न्हाणीघराचं छत निरखून पाहिलं. मग दोन्ही पोरांना तिनं तिथंच न्हाऊ घातलं आणि बटण दाबायला विसरली नाही.

जुळी शाळेत जायला लागली, त्या वर्षीच्या थंडीच्या शेवटी, गुरुवारी सकाळी, आंघोळ करून पलंगावर केस पुसत बसली असताना माझी बायको हृदय बंद पडून वारली. तिची छाती शेवटपर्यंत साफ होती. रंधा त्यानंतर दोन वर्षांनी, पावसाळ्यात, गेला.