सहाव्या पुस्तकातला गाइड

लासूर स्टेशनला नानासाहेबांच्या आडतीसमोर गाडी थांबली, तरी सांडू उतरेना.

"सर, तुम्हीच बोला. माझं काय बी खोटंच वाटतंय त्यांना."

मधुसूदनरावांच्या हेरकथा एसटी स्टँडवरसुद्धा हातोहात खपत. सहाव्या पुस्तकातला फितूर अजिंठ्याचा गाइड होता. कानाची पाळी फाटलेली, जपानी बोलणारा, आरशाच्या कवडशानं शत्रूला खुणा करणारा. आणि फाटक्या पाळीचा, कवडसा पाडून लेण्यांतली चित्रं दाखवणारा सांडू फर्दापुरात एकच होता. आधीच्या पुस्तकांत अशा खुणा त्यांची बायको यमुना पुसायची. लिहिलेलं वाचता वाचता विचारायची, "हा कोण? ओळखू येतोय." ती गेल्यावरचं हे पहिलं पुस्तक.

आता सांडूच्या मुलीचं, संस्कृतीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं. नानासाहेब नवऱ्या मुलाचे, ऋतुराजचे वडील.

"या सर! सगळी पुस्तकं पाठ हायेत आपल्याला," नानासाहेब म्हणाले. सांडूला बसा म्हणाले नाहीत. तो दाराशीच उभा राहिला.

"तो गाइड मी मनानं रचलाय, नानासाहेब. सांडूभाऊंचा फक्त कान घेतला, आरसा घेतला. बाकी सगळं खोटं."

नानासाहेब हसले. "तुम्ही असंच म्हणणार. खरं सांगायची परवानगी कुठंय तुम्हाला?"

"अहो, मी जन्मात हेर पाहिला नाही. पाटबंधारे खात्यात कारकून होतो."

"वा! नोकरी बी कशी झकास निवडली. कुणाला शंका येणार नाय." मग त्यांचा आवाज बदलला. "पण सोयरीक नको. फितुराची पोरगी घरात आणली तर भावकी तोंडात शेण घालंल."

सांडूनं मान खाली घातली. मधुसूदनरावांचं खरं सांगून झालं होतं. ते उठले, सांडूला बाहेर थांबवून त्यांनी दार लावलं.

"हे बाहेर गेलं तर सांडूभाऊंच्या जिवावर बेतेल."

नानासाहेबांचं हसू थांबलं.

"ते आपले आहेत. मला पुस्तकात फितूर दाखवा, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे तिकडच्यांचा विश्वास बसतो."

नानासाहेब बंद दाराकडं बघत राहिले. कपाळावर घाम आला होता.

"ऋतुराजला सांगायचं?"

"पोटच्या पोरालासुद्धा नाही. आणि लग्न मोडलं तर लोक कारण शोधत बसतील."

नानासाहेबांनी स्वतः दार उघडलं. सांडूचे दोन्ही हात धरून त्याला आपल्या गादीवर बसवलं. "व्याही, बाहेर काय उभे राहता? अरे, चहा सांगा कुणीतरी!"

परतीच्या वाटेवर गंगापूर फाटा गेल्यावर मधुसूदनरावांनी सगळं सांगितलं. सांडू कितीतरी वेळ कानाची पाळी चोळत राहिला.

"म्हंजे आता मी हेर?"

"काही करायचं नाही. कुणी विचारलं तर गप्प बसायचं."

"आन भर मांडवात व्याही बोलून गेला तर?"

मधुसूदनरावांना आठवलं, असलं पुढचं यमुना विचारायची. मग दोघं मिळून ते निस्तरत.

"लग्नाला मी येतो," शेवटी ते म्हणाले. "अक्षता पडेपर्यंत नानासाहेबांच्या शेजारून हलणार नाही."