काकांना फिट आली!

लग्नाच्या वाढदिवसाला लग्नातलीच पँट घालायची, असं काकांच्या मनानं घेतलं. काकू म्हणाल्या, "त्यात आता तुमचा एक पाय मावला तरी पुष्कळ." झालं, काका इरेला पेटले. त्यांनी शिंप्याकडून शिवणीतलं होतं नव्हतं तेवढं कापड सोडवून घेतलं आणि एका सकाळी, "केस कापून येतो," अशी थाप मारून पँट घालून बघायला गेले.

ते पडद्याआड पँटीशी झुंजत होते, तेवढ्यात बाहेर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. काकूंचा. शिंप्यानं उचलला आणि आनंदाच्या भरात सांगून टाकलं,

"वहिनी, मी शिंपी बोलतोय. साहेबांना फिट आली!"

काकूंच्या हातातलं उलथनं गळून पडलं. "अगं बाई! कधी?"

"आत्ताच. सहजासहजी येत नव्हती हो. मी मागून धरलं, त्यांना श्वास कोंडायला लावला, तेव्हा कुठे आली."

"आता कसे आहेत?"

"उभे आहेत. बसता येत नाहीये. बोलू नका म्हणून मीच सांगितलंय."

"पाणी तरी पाजलंत का?"

"छे छे! आता घोटभर पाणीसुद्धा धोक्याचं."

काकूंनी शेजारच्या नर्सबाईंना हाक मारली. बाईंनी रक्तदाबाचं यंत्र काखेत मारलं आणि दोघी पळत सुटल्या.

दुकानात काका आरशासमोर पोट आत ओढून उभे. चेहरा लालबुंद.

"आडवं करा त्यांना! कमरेचं सैल करा!" नर्सबाई गरजल्या.

"आडवं नको, शिवण उसवेल!" शिंपी मध्ये पडला.

बाईंनी त्याला बाजूला सारून हुक ओढला. तो सुटला तो थेट आरशावर जाऊन टण्णकन आदळला. काकांनी भला मोठा श्वास सोडला. "अहो, मला काय झालंय?"

"तुम्हाला फिट आली ना!" काकू रडवेल्या झाल्या.

"आली होती की! आणखी जरा थांबली असतीस तर दिसली असती!"

काकूंना उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग त्या स्टुलावर मटकन बसल्या, आधी रडल्या, मग हसल्या आणि शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "फिटली का हौस?"

यंत्र आणलंच आहे, तर नर्सबाईंनी काकांचा रक्तदाब तपासला. "तुम्ही ठणठणीत आहात." गंमत म्हणून शिंप्यानंही हात पुढे केला. बाईंनी आकडा बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला.

"दुकान बंद करा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"मला काय धाड भरलीय?" शिंपी म्हणाला. पण काकांनी एका हातानं पँट सावरत दुसऱ्या हातानं त्याला गाडीत घातलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

आता शिंप्याच्या गोळ्या चालू आहेत. काका त्याला रोज सकाळी चालायला घेऊन जातात. कंबर कुणाचीच उतरलेली नाही, पण गप्पांना दोघेही कमी पडत नाहीत.