दहा टाक्यांची रेघ

दांडीला सहा विणलेले ब्लाउज टांगलेले होते. रंग तीन, प्रत्येक रंगाचे दोन. बटणं सात-सात, खिसा एकालाही नाही, बाह्या मनगटापर्यंत. उरलेले सातशे चौदा गोदामात खोक्यांत बंद होते. कस्टम्सच्या तपासनीस मुलीने सहाव्या ब्लाउजवर दहा सेंटिमीटरची पुठ्ठ्याची चौकट टाचली आणि डोळ्याला भिंग लावून सुईच्या टोकाने एकेक टाका मोजू लागली.

"सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद."

म्हणजे उभे टाके सेंटिमीटरला आठ पूर्णांक नऊ; आडवेही दहाच्या आतच. आधीच्या पाचांचंही तेच. सही करून अहवाल तयार होता. चार वाजता तो साहेबांकडे जायचा होता.

ज्या बाईंचा माल होता त्या दारात उभ्या होत्या. लोकरीचं दुकान चालवून बावीस वर्षं झालेली. परदेशातून माल मात्र पहिल्यांदाच मागवलेला.

"बसा," मुलगी म्हणाली. "कागदावर तुम्ही ब्लाउज लिहिलंय. उभे आणि आडवे, दोन्हीकडे सेंटिमीटरला दहापेक्षा कमी टाके असले तर आमच्या लेखी तो ब्लाउज नाही. स्वेटर."

"आणि एकीकडे दहा भरले तर?"

"तर ब्लाउज. पण नाही भरत."

"अहो, हा स्वेटर घालून कोणी थंडीत बाहेर पडलं, तर थेट दवाखान्यातच जाईल."

"नियमाला थंडी वाजत नाही, बाई."

बाई हसल्या, पण अर्धवट.

"आणि स्वेटर ठरला, तर माझं काय?"

"खोटी नोंद केली असं धरतात. परवाना रद्द होतो."

त्या परवान्यासाठी बाईंनी दोन वर्षं या इमारतीचे जिने झिजवले होते. गयावया नाही, आवाज चढवणं नाही. हात मात्र गप्प बसेनात. त्यांनी समोरचा ब्लाउज हँगरवरून उतरवला आणि टेबलावर आडवा ठेवला.

"अहो, नमुन्यांना हात लावायचा नसतो!"

"चुकलं. हाताला सवय आहे." बाईंनी हात मागे घेतला. "विणलेलं टांगलेलं बघवत नाही मला. स्वतःच्याच वजनानं ओघळतं ते."

सुई डबीत ठेवता ठेवता मुलगी थांबली.

सोमवारी नमुने आले तेव्हा चुरगळू नयेत म्हणून तिनेच ते टांगले होते. आज गुरुवार. कॉलेजात असताना स्प्रिंगला वजनं लावून ती किती लांबते हे मोजण्यात तिने एक अख्खं सत्र घालवलं होतं. कापड लांबलं की ओळी एकमेकींपासून दूर सरकणार, आणि तेवढ्याच जागेत कमी मावणार. तिचे कान तापले.

अहवाल उचलून ती साहेबांच्या खोलीत गेली.

"सर, हा अहवाल मला मागे घ्यायचाय. मोजायची पद्धत चुकली. मी टांगलेले मोजले."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नोकरीला महिना झाला नाही, आणि स्वतःची सही खोडायला निघालीस?"

"हो, सर."

"उद्या पुन्हा हाच आकडा आला तर?"

"तर हाच लिहीन."

"ती बाई काही बोलली का तुला?"

"बोलल्या. विणलेलं टांगू नये म्हणाल्या."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "इतकी वर्षं मीही टांगूनच मोजत आलोय की काय, कोण जाणे." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "उद्या दुपारी तीनपर्यंत."

खोलीबाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण जिना दोन-दोन पायऱ्या घेत उतरतोय.

चार वाजता सहाही ब्लाउज पांढऱ्या कागदावर सपाट पहुडले. बाई दारातूनच सूचना देत होत्या.

"ओढून सरळ करू नकोस गं. सुरकुती असली तर असू दे. त्यांचं त्यांना आवरू दे."

"काकू, आता घरी जा तुम्ही. मला खोलीला सील लावायचंय."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिने सील तोडलं. प्रत्येक ब्लाउजवर पाच ठिकाणी चौकट ठेवली आणि उभे-आडवे दोन्ही टाके मोजले. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आपला आकडा न सांगता पुन्हा मोजायला बसवलं. "कुठून बुद्धी झाली आणि तुझ्याशेजारी टेबल घेतलं," असं पुटपुटत त्यानेही तीसच्या तीस चौकटी मोजल्या. दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवून तिने बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला.

बाहेरच्या बाकावर बाई सकाळी नऊपासून बसल्या होत्या. तिला पाहताच उठल्या. तिने कागद पुढे केला. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"तूच वाच गं. मला काही दिसत नाहीये."

मुलीने बाकावर त्यांच्यासाठी जागा केली, शेजारी बसली आणि वाचलं.

"नमुने सहा. वीस तास सपाट ठेवून मोजले. सरासरी टाके, दर सेंटिमीटरला: आडवे नऊ पूर्णांक पाच. उभे दहा पूर्णांक तीन."