मागची रांग

त्या मोठ्या लाँड्रीत दरवर्षी सगळ्यांचा मिळून एक फोटो निघायचा आणि दरवर्षी लेकीचं डोकं फिरायचं. पुढे खुर्च्यांवर मालक आणि साहेब लोक, अगदी उजळून निघालेले. मागे इस्त्रीवाल्या बायका, सगळ्या मिळून एक काळा डाग. "ती तिसरी ना, ती मी," असं आई पाहुण्यांना सांगायची आणि वर हसायची. लेकीला त्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

आता आई निवृत्त होत होती. तिचा लाँड्रीतला हा शेवटचा फोटो. लेक स्वतः फोटोग्राफर झाली होती, तेव्हा यंदाचं काम तिने हट्टाने मागून घेतलं.

फोटो नेहमीसारखा इस्त्रीखान्यातच. इस्त्रीखाना तळघरात, दिवे मिणमिणते. "मागच्यांना जरा पुढे घेऊ या का?" तिने विचारून पाहिलं.

"जागा ठरलेल्या आहेत," मालक म्हणाले. "तू फ्लॅश मार आणि मोकळी हो."

मोकळी हो म्हणे! फ्लॅशचा उजेड पहिल्या रांगेपाशीच दमतो, मागे पोचतो तो नावापुरता. इतक्या वर्षांत एकाही फोटोवाल्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिने दातओठ खात कॅमेरा स्टँडवर चढवला आणि स्लो सिंक लावलं. यात फ्लॅश पडून गेला तरी शटर दोन-तीन सेकंद उघडं राहतं, आणि खोलीत असेल नसेल तो उजेड मागच्यांच्या तोंडावरून गोळा होतो. अट एकच, कोणी हलायचं नाही.

"फ्लॅश पडला म्हणजे फोटो झाला असं समजू नका. मी 'झालं' म्हणेपर्यंत कोणी हलू नका," तिने सगळ्यांना बजावलं. मग मालकांकडे बघून पुन्हा बजावलं. ते घड्याळ बघत होते.

फ्लॅश पडला आणि मालक उठून बाजूला चालतेसुद्धा झाले. बायका मात्र श्वास रोखून जागच्या जागी उभ्या.

"झालं."

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मागच्या रांगेतला एकेक चेहरा ओळखू येत होता. आईच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. मालक तेवढे धुरकट झाले होते. त्यांच्या कोटातून आरपार खुर्चीची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवर ठेवलेले, भाजल्याच्या डागांचे आईचे हात.

"हे काय भूत केलंस माझं?" मालक कडाडले. "मुद्दाम केलंस! पुसून टाक तो!"

"मुद्दाम? दोनदा सांगितलं होतं!" लेक उसळली. "या सगळ्यांना ऐकू आलं, तुम्हालाच कसं आलं नाही? हवा तर दुसरा काढते. हा पुसणार नाही."

"लाँड्री माझी, फोटोही माझा. पुस म्हणतो ना!"

जन्मभर "हो साहेब" यापलीकडे ज्या आईने तोंड उघडलं नव्हतं, ती पुढे आली. तिने फोटो नीट बघून घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही दिसत नव्हतो, तेव्हा तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, पुसून टाका."