तीन अंश जास्त

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. पनवेलच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, एक पाय गमावलेल्या तिवईशेजारी माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात पारा आहे आणि अंगावर उणे दहापासून एकशे दहापर्यंत आकडे आहेत. पैकी उणे आकड्यांचा पनवेलमध्ये आजवर उपयोग झालेला नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. तिथे मला बर्फात बुडवून शून्याची आणि वाफेत धरून शंभराची खूण केली. त्या दिवशी मी अगदी बरोबर होतो. पुढे पनवेलला येताना टेम्पो एका खड्ड्यात आदळला, पाऱ्याचा धागा तुटला आणि दोन तुकड्यांमध्ये बारीक फट राहिली. तेव्हापासून मी तीन अंश जास्त दाखवतो. हा माझा एकमेव दोष. कबूल करून टाकलेला बरा.

दरवर्षी नववी ब मला बर्फाच्या चंचुपात्रात उभं करते आणि खाली बर्नर पेटवते. बर्फ मासळी बाजारातून येतो, त्यामुळे विज्ञानाला थोडा सुरमईचा वास असतो. बर्फ वितळत असतो तोवर मी जागचा हलत नाही. बर्नर खालून जीव काढतो आणि मी ढिम्म. सगळी उष्णता बर्फाचं पाणी करण्यात खर्च होते. शेवटचा खडा वितळला की मी चढू लागतो, आणि उकळी आली की पुन्हा थांबतो, कारण आता उष्णता पाण्याची वाफ करण्यात गुंतलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, काही घडतच नाहीये. खरं तर तेव्हाच सगळं घडत असतं.

मी थांबतो तीनला आणि एकशे तीनला. मुलांच्या वहीत मात्र शून्य आणि शंभर उतरतं, कारण वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची पद्धत आहे, आणि मागच्या वर्षीची तिच्या मागच्या. बारा वर्षांपूर्वी देवेश नावाच्या मुलाने 'निरीक्षणे' या मथळ्याखाली चहाचा डाग पाडला होता. तो डाग सोडला तर त्याचं सगळं अजून चालू आहे.

यंदा पूर्वी नावाची मुलगी आली. रोडपालीची, किरकोळ, चष्मा नाकावर घसरलेला. तिने माझ्याकडे बघून लिहिलं. तीन. एकशे तीन.

विज्ञानाच्या रंजिता मॅडमनी वही उचलली. "पूर्वी, पाणी एकशे तीनला उकळतं का गं?"

"नाही मॅडम. हा तीन जास्त दाखवतो. बर्फातही तीन, उकळीतही तीन."

"मग शंभर लिही आणि मोकळी हो. सही करायला चाळीस वह्या आहेत."

पूर्वीने खोडलं नाही. मॅडमनी सही केली नाही.

हे सगळं ऐकून प्रयोगशाळेचे शिपाई काशिराम हसले. त्यांचं लहानपण उरणकडच्या मिठागरात गेलेलं. "पोरी, याला अजून एक इद्या येते," म्हणाले, आणि माझ्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं. फेब्रुवारीची कोरडी हवा होती. फडक्यातलं पाणी वाफ होऊन उडताना माझी उष्णता घेऊन गेलं आणि मी बघता बघता बारा अंश उतरलो. "घामाचं कामबी हेच," काशिरामकाका म्हणाले. त्यांच्या बोलीत उडण्याला उरणं म्हणतात. "उरला तर अंग थंड. नाय उरला तर नुसता चिकचिकाट."

पूर्वीने तेही लिहून घेतलं.

आता एप्रिलची गोष्ट. नववी ब पत्र्याच्या वर्गात बसते. पक्की इमारत लवकरच होणार आहे. या वर्गात शिकलेल्यांची मुलंसुद्धा आता याच वर्गात शिकतात. संस्थेचं परिपत्रक होतं की वर्गात तापमान चाळीसच्या वर गेलं तर मुलांना हॉलमध्ये हलवावं. हॉलला मात्र कुलूप होतं. आत अध्यक्षांच्या एकसष्टीची सजावट झाली होती आणि फुगे उन्हाला घाबरतात.

त्या दुपारी मला वर्गातल्या खिळ्याला टांगलं. मी बेचाळीस दाखवले. पूर्वी धावत मुख्याध्यापकांकडे गेली आणि त्यांना घेऊनच आली.

सरांनी मला निरखून पाहिलं. "हा तोच ना, तीन जास्त दाखवणारा?"

"हो सर, पण..."

"बेचाळीस वजा तीन?"

पूर्वीने घसरलेला चष्मा वर सरकवला.

"गणित कच्चं आहे का?"

"एकोणचाळीस, सर."

"शाब्बास. चाळीसच्या आत. बसा सगळे."

मित्रांनो, माझा दोष इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणा अधिकाऱ्याने मान्य केला होता.

काशिरामकाकांनी माझ्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं. मी उतरलो, पण सहाच अंश. "सर, हवेत पानी ठासलंय. अशा दिवशी आमच्या मिठागरात मीठ धरत नाय, कारन पानी उरत नाय. पोरांचा घाम कुठनं उरंल? हॉल खोला."

"काशिराम, परिपत्रकात फडकं कुठे आहे?" सर म्हणाले आणि गेले. त्यांच्या खोलीत एसी आहे.

वीस मिनिटांनी भिंतीकडेच्या बाकावरची रिया उभी राहिली, "मॅडम, पाणी..." म्हणाली आणि पडली. तिचं अंग माझ्या ओळखीच्या कुठल्याही चंचुपात्रासारखं तापलं होतं. काशिरामकाकांनी हॉलचं कुलूप हातोडीने तोडलं. अध्यक्षांच्या नावाच्या थर्माकोलखाली रियाला झोपवलं, पंखे लावले, आणि पूर्वीने प्रयोगासाठी आणलेला बर्फ तिच्या मानेला, काखेत लावला. बर्फ आपलं काम करत राहिला. वितळायला लागणारी उष्णता तो रियाकडून घेत होता. मी लांब खिळ्यावर होतो. माझा काही उपयोग नव्हता.

रिया तीन दिवस दवाखान्यात होती. आता बरी आहे. उन्हात मात्र आई सोडत नाही. काशिरामकाकांना कुलूप तोडल्याबद्दल मेमो मिळाला. चौकशी अहवालात लिहिलं गेलं की तापमान एकोणचाळीस, म्हणजे नियमात होतं. पुरावा म्हणून, पूर्वीने तीन आणि एकशे तीन लिहिलेल्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली. त्यासाठी त्या पानावर घाईघाईने सही करण्यात आली.

आठवड्याने प्रात्यक्षिक परीक्षा झाली. पूर्वीने मला बर्फात उभं केलं. मी तीनवर थांबलो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. शेजारच्या मुलीने शून्य लिहून टाकलं होतं आणि ती नखं बघत होती. पूर्वीचं पेन कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. बर्फ वितळत होता, मी हलत नव्हतो, ती हलत नव्हती. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही.

शेवटचा खडा वितळायच्या आत तिने लिहिलं: तीन. मग एक कागदाची पट्टी कापली, माझ्या मानेला दोऱ्याने बांधली आणि मला कपाटात ठेवलं.

मित्रांनो, ती पट्टी अजून आहे. माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे की मला हातात घ्याल तेव्हा ती आधी वाचा. तिच्यावर लिहिलंय: 'तीन अंश जास्त दाखवतो. वजा करा. मग ओलं फडकं गुंडाळून पुन्हा विचारा. मग मुलांकडे बघा.'