कंपनीतले कपडे

सोजराबाईंच्या छातीतलं पाणी तिसऱ्यांदा काढलं, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हौसरावांना बाहेर बोलावून घेतलं. आजवर त्या सोजराबाईंनाच विचारत आल्या होत्या. काम काय? शेती, म्हशी. कारखान्यात कधी होतात का? कधीच नाही.

"आबा, तुम्ही काय करत होता?"

"पाइपाच्या कंपनीत हुतो. सिमेंटचे पाइप कापायचो. वीस वर्षं."

"आणि अंगावरचे कपडे? ते घरी कोण धुवायचं?"

"हीच की."

बाईंचं लिहिणं थांबलं. त्या पाइपांत ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची बारीक धूळ श्वासातून आत गेली की तीस-चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या अस्तराला असा कॅन्सर होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. आता हातात दोन-तीन महिने. दुखायला लागलं की गोळी द्यायची आणि घरीच ठेवायचं. हौसरावांच्याही छातीचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही.

न्हावऱ्याला घरी पोचेपर्यंत गाडीत हौसराव जुन्या दिवसांतच होते. कंपनीतून आपण पांढरेफटक होऊन दारात उभे आहोत, सोजरा आपला शर्ट ओट्याच्या कडेवर झटकते आहे, धुळीनं खोकते आहे आणि हसत म्हणते आहे, "पिठाच्या गिरणीत कामाला हायसा का काय?" एवढंच त्यांना दिसत होतं.

हे तिला सांगायचं कसं? त्यांनी सांगितलं नाही.

जन्मात कधी चहा न केलेला माणूस पेज शिजवायला शिकला. आडवं झालं की सोजराबाईंचा जीव घुसमटायचा, म्हणून उशा लावून त्यांना बसतं ठेवायचं, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. पहिल्यांदा हौसरावांनी बेडपॅन सरकवलं तेव्हा त्या रडल्या. "तुम्ही नका करू. सुलीला बोलवा."

सुली म्हणजे राहू गावात दिलेली त्यांची मुलगी, सुलक्षणा.

"तिचा संसार हाय तिला. मी हाय की."

गावानं तोवर आजाराचं कारण शोधून ठेवलं होतं. सोजराबाई चाळीस वर्षं तंबाखूची मिश्री लावायच्या. कॅन्सर कळला त्या दिवशी त्यांनी डबी उकिरड्यावर फेकली, तरी बघायला येणारी प्रत्येक बाई तोच विषय काढायची. एका दुपारी हौसरावांची थोरली बहीण रंगुबाई आली आणि खाटेशेजारी बसून म्हणाली, "किती येळा सांगितलं हुतं, मिश्री सोड म्हणून."

"चुकलंच माझं, वन्सं," सोजराबाई खाली मान घालून म्हणाल्या.

हौसराव गॅसपाशी पेज ढवळत होते. ते तसेच पळी घेऊन बाहेर आले. "आक्का, तिचं काय बी चुकल्यालं न्हाई. माझ्या कपड्यांनी झालंय. कंपनीतली धूळ मी घरात आणली, आन् धुताना ती हिच्या छातीत गेली. डॉक्टरांनी मला महिन्यामागंच सांगितलंय."

रंगुबाई चहा न घेताच उठली.

दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. भरवलं तर दोन घास घ्यायच्या, पण नजर द्यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच तोंड उघडलं.

"महिनाभर तुम्हाला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"आन् मी हितं देवापुढं मिश्रीची माफी मागत बसले."

सोजराबाईंना दम लागला. दम ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "सुली ल्हान हुती तवा तुम्ही आला की पायाला मिठी मारायची. त्याच कपड्यांत."

हे हौसरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझं व्हायचं ते झालं. तिला दाखवून आणा. आजच."

शेजारच्या गौतमीला खाटेजवळ बसवून ते मोटरसायकलनं राहूला गेले. बाप अवचित दारात दिसला तसा सुलक्षणानं हंबरडा फोडला. आई गेली असंच तिला वाटलं. तिला शांत करून त्यांनी शिरूरच्या दवाखान्यात नेलं. फोटो साफ आला. पण तिथले डॉक्टर म्हणाले, आज नाही म्हणजे पुढं होणारच नाही असं नाही. दर वर्षी येत जा.

वाटेत सुलक्षणा म्हणाली, "आप्पा, आईला पुढचं नका सांगू."

घरी आल्यावर सोजराबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. "सगळं सांगा."

हौसरावांनी सगळं सांगितलं.

"मग दर वर्षी तुम्ही सोता न्या तिला," सोजराबाई म्हणाल्या. "ती टाळंल. तुम्ही टाळायचं न्हाई."

सुलक्षणा माहेरीच राहिली. पुढच्या अकरा दिवसांत सोजराबाई मोजकंच बोलल्या, पाणी द्या, खिडकी उघडा, एवढंच. बाराव्या दिवशी धारेच्या वेळी त्या गेल्या. हौसराव म्हशीखाली बसले होते. लेकीची हाक ऐकून ते ओल्या हातांनी आत धावले, तोवर सुलक्षणा आईचे डोळे मिटत होती.

सोजरानं आपल्याला माफ केलं का, हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.